रक्तपेशी आणि वाहिनीची भिंत

रक्ततपासणीचा जो अहवाल प्रयोगशाळेतून घरी येतो आणि ज्याला आता खेड्यापाड्यांतही सीबीसी म्हणूनच ओळखले जाते, त्यात हिमोग्लोबिन किती ग्रॅम, तांबड्या पेशी किती दशलक्ष, पांढऱ्या पेशी किती हजार आणि प्लेटलेट किती लाख हे आकडे ओळीने मांडलेले असतात, आणि एखादा आकडा मर्यादेबाहेर गेला असेल तर तो ठळक अक्षरांत छापला जातो. या अहवालामुळे रक्त म्हणजे मोजता येणाऱ्या पेशींचा साठा, अशी एक समजूत रूढ झाली आहे. ती चुकीची नसली तरी अपुरी आहे, कारण या पेशी ज्या वाहिन्यांतून फिरतात त्यांच्या भिंतींची अवस्था काय आहे, याविषयी त्या कागदावर एक अक्षरही नसते. वस्तुतः प्राणवायू पोचवणे, जंतूंचा बंदोबस्त करणे, जखम बुजवणे ही रक्ताची सारी मुख्य कामे पेशी आणि भिंत यांच्या संगनमताने होतात, आणि रक्ताचे अनेक गंभीर आजारही या दोहोंचा मेळ बिघडल्यानेच उद्भवतात.

रक्त शरीरात फिरते ही गोष्ट आज शाळकरी मुलांच्या पुस्तकात असली, तरी ती मान्य होण्यास फार काळ जावा लागला. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गेलेन याच्या मते अन्नापासून यकृतात रक्त तयार होई, ते शिरांमधून अवयवांकडे जाई आणि तेथेच खर्ची पडे. त्यामुळे ते परत येण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता, आणि हे मत युरोपात जवळजवळ चौदाशे वर्षे प्रमाण मानले गेले. इटलीतील पाडुआ येथील शरीररचनाशास्त्रज्ञ फॅब्रिशियस याने १६०३ मध्ये शिरांच्या आतील झडपांचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले, परंतु त्या कशासाठी आहेत हे त्याला उमगले नाही. ते उमगले त्याच्याकडे शिकून गेलेल्या विल्यम हार्वे या इंग्रज वैद्याला. हार्वेचा एक प्रयोग आजही कोणालाही करून पाहता येतो. बाहूवर माफक घट्ट पट्टी बांधली की हाताच्या शिरा फुगून दिसू लागतात. त्यांपैकी एका शिरेवर एक बोट दाबून ठेवावे आणि दुसऱ्या बोटाने तेथून पुढे, खांद्याच्या दिशेने, तिच्यातील रक्त सारून द्यावे. पुढची झडप ओलांडली जाताच मधला भाग रिकामा आणि सपाट राहतो व वर गेलेले रक्त काही केल्या मागे येत नाही. मात्र दाबलेले बोट उचलताच तो भाग खालच्या बाजूने क्षणात भरून येतो. शिरांतील रक्त हृदयाकडेच जाते, याचा याहून सोपा पुरावा देता येणार नाही. हृदयाच्या एका ठोक्यात बाहेर पडणाऱ्या रक्ताचा अगदी कमीत कमी अंदाज धरला तरी अर्ध्या तासाचा हिशेब शरीरातील एकूण रक्तापेक्षा अधिक भरतो, एवढे रक्त यकृत दर अर्ध्या तासाला नव्याने बनवू शकत नाही, म्हणून तेच रक्त पुन्हा पुन्हा फिरत असले पाहिजे, हा त्याचा दुसरा युक्तिवाद होता आणि तो निव्वळ गुणाकाराचा होता. हे सारे त्याने १६२८ मध्ये फ्रँकफुर्ट येथे छापलेल्या छोट्या लॅटिन ग्रंथात मांडले.

हार्वेच्या सिद्धांतात एक फट मात्र राहून गेली. धमन्यांतून अवयवात शिरलेले रक्त शिरांमध्ये नेमके कोणत्या वाटेने जाते, हे त्याला दाखवता आले नाही, कारण ती वाट नुसत्या डोळ्यांना दिसण्याजोगी नाही. १६५७ मध्ये तो वारला आणि त्यानंतर चारच वर्षांनी, १६६१ मध्ये, बोलोन्याच्या मार्चेल्लो माल्पिगी याला सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात धमनी आणि शीर यांना जोडणाऱ्या अतिसूक्ष्म नलिकांचे जाळे दिसले. या नलिका म्हणजे केशवाहिन्या. ज्या गोष्टीविना अभिसरणाची कल्पनाच अपुरी होती ती सर्वांत शेवटी सापडली, आणि सापडल्यावरही पुढे दोन शतके तिच्याकडे केवळ दुवा म्हणूनच पाहिले गेले. प्रत्यक्षात हृदय, धमन्या आणि शिरा हा सारा पसारा केशवाहिन्यांच्या सेवेसाठी आहे असे म्हणणेच अधिक योग्य ठरेल.

प्रौढ माणसाच्या शरीरात सुमारे पाच लिटर रक्त असते आणि स्वस्थ बसलेल्या माणसाचे हृदय जवळपास तेवढेच रक्त दर मिनिटाला पुढे ढकलते. हृदयातून निघणारी महाधमनी सुमारे अडीच सेंटिमीटर रुंद आणि लवचिक असते. हृदय आकुंचन पावले की ती ताणली जाते आणि हृदय सैलावले की ती पूर्वस्थितीत येता येता रक्ताला पुढे रेटत राहते, म्हणून दोन ठोक्यांच्या मधल्या काळातही प्रवाह थांबत नाही. वय वाढते तसा हा लवचिकपणा कमी होतो आणि रक्तदाबाचा वरचा आकडा चढू लागतो, त्याचे एक प्रमुख कारण हेच होय. महाधमनीला फाटे फुटत फुटत शेवटी ज्या बारीक धमनिका बनतात, त्यांच्या भिंतीत स्नायूंचे वलय असते आणि कोणत्या अवयवाला किती रक्त द्यायचे याचा निर्णय त्या वलयाच्या आकुंचनावर ठरतो. एकोणिसाव्या शतकात प्वाझई या फ्रेंच वैद्याने बारीक काचनलिकांवर प्रयोग करून दाखवून दिले, की नलिकेतील प्रवाह तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे दाब तोच ठेवून नलिकेची रुंदी निम्मी केली तर प्रवाह निम्मा न होता सोळाव्या हिश्श्यावर येतो. धमनिका किंचितशी आवळली वा सैलावली तरी पुरवठ्यात मोठा फरक पडतो तो यामुळे. धावताना पायांच्या स्नायूंना विश्रांतीच्या मानाने कैक पटींनी अधिक रक्त मिळते आणि त्याच वेळी आतड्यांचा वाटा कमी होतो. जेवून लगेच धावू नये, हा वडीलधाऱ्यांचा आग्रह या हिशेबाला धरूनच आहे. शिरांचे काम तुलनेने साधे असले तरी कोणत्याही क्षणी शरीरातील निम्म्याहून अधिक रक्त त्यांच्यातच असते. पायांकडून वर येणाऱ्या रक्ताला पोटरीच्या स्नायूंचा दाब आणि झडपांचा अटकाव यांचाच आधार असतो, म्हणून तासन्‌तास एका जागी उभे राहून काम करणाऱ्यांच्या पायांच्या नसा फुगतात.

केशवाहिनीपाशी पोचल्यावर सगळे प्रमाणच बदलते. तिची रुंदी पाच ते दहा मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजारांश भागांत मोजण्याइतकी, आणि तिची भिंत एका पेशीच्या पातळ थराची असते. त्या थराला स्नायूही नसतो आणि बाहेरून जाड वेष्टनही नसते. महाधमनीत सेकंदाला काही दशक सेंटिमीटर धावणारे रक्त येथे सेकंदाला जेमतेम अर्धा ते एक मिलिमीटर सरकते, कारण एकेक नलिका अरुंद असली तरी सर्व केशवाहिन्यांचे मिळून होणारे क्षेत्रफळ महाधमनीच्या कितीतरी पट असते आणि प्रवाह त्या सर्वांत वाटला जातो. हा संथपणा हेतुपूर्वक योजल्यासारखा आहे: तांबडी पेशी केशवाहिनीत साधारण एक सेकंद असते आणि तेवढ्या वेळात देवघेव उरकते. या वाहिन्या एकापुढे एक ठेवल्या तर एक लाख किलोमीटर भरतील, असे वाक्य सामान्यज्ञानाच्या पुस्तकांत हमखास आढळते. त्याचे मूळ डॅनिश शास्त्रज्ञ ऑगस्ट क्रोग याने १९२० च्या दशकात अतिशय स्नायुमय देह गृहीत धरून केलेल्या अंदाजात आहे. अलीकडच्या हिशेबांप्रमाणे सामान्य माणसात ही लांबी सुमारे दहा ते वीस हजार किलोमीटर भरते, आणि तीही काही कमी नव्हे. क्रोगचे खरे श्रेय या लांबीत नाही. विश्रांतीच्या वेळी स्नायूंतील केशवाहिन्यांपैकी थोड्याच वापरात असतात आणि श्रम वाढताच राखीव वाहिन्यांत रक्त खेळू लागते, हे त्याने दाखवले, आणि केशवाहिन्यांच्या नियंत्रणावरील संशोधनासाठी १९२० चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले.

केशवाहिनीच्या भिंतीतून पाणी आणि विरघळलेले पदार्थ सतत बाहेर झिरपत असतात. रक्ताचा दाब द्रव बाहेर ढकलतो, तर रक्तद्रवातील अल्ब्युमिन हे प्रथिन त्याला आत धरून ठेवू पाहते. या दोन बलांच्या तोलावर किती पाणी ऊतींमध्ये जाईल हे ठरते, असे अर्नेस्ट स्टार्लिंग या इंग्रज शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये मांडले. झिरपलेल्या द्रवाचा जो भाग मागे राहतो तो लसीकावाहिन्या गोळा करून पुन्हा रक्तात आणून सोडतात. तीव्र कुपोषणात किंवा मूत्रपिंडाच्या काही विकारांत अल्ब्युमिन कमी झाले की हा तोल जातो आणि पायांवर, चेहऱ्यावर सूज दिसू लागते. भिंतीची घडणही सर्वत्र सारखी नसते: मेंदूत तिच्या पेशी एकमेकींना घट्ट चिकटलेल्या असल्याने बहुतेक औषधांनाही आत प्रवेश मिळत नाही, मूत्रपिंडात तिला गाळण्यासाठी सूक्ष्म छिद्रे असतात आणि यकृतात तर ती इतकी सच्छिद्र असते की मोठी प्रथिनेही सहज ये-जा करतात.

या अरुंद वाटेने जाणारा मुख्य प्रवासी म्हणजे तांबडी पेशी, आणि तिचा घाट पाहण्यासारखा आहे. तिचा व्यास सुमारे साडेसात ते आठ मायक्रॉन, म्हणजे अनेक केशवाहिन्यांच्या रुंदीपेक्षा जास्त, आणि आकार अंगठ्याने दोन्ही बाजूंनी दाबलेल्या पेढ्यासारखा, कडेला जाड व मध्ये खोलगट. एवढ्या घनफळाची पेशी गोल असती तर तिचे आवरण तिला तंतोतंत पुरले असते आणि ती वाकूच शकली नसती. चपट्या आकारामुळे आवरणाचा सुमारे चाळीस टक्के भाग जादा राहतो, आणि या सैलपणाच्या जोरावर ती दुमडून, लांबट होऊन आपल्याहून अरुंद नलिकेतून निघून जाते. आवरणाच्या आतल्या बाजूला स्पेक्ट्रिन नावाच्या प्रथिनाचे जाळे असते, ते पेशीला वाकूही देते आणि पूर्ववतही करते. अस्थिमज्जेतून बाहेर पडतानाच या पेशीने आपले केंद्रक टाकून दिलेले असते, आणि बाहेर आल्यावर एकदोन दिवसांत ती ऊर्जा निर्माण करणारी तंतुकणिका ही अंगकेही गमावते. परिणामी तिला स्वतःची दुरुस्ती करता येत नाही. मात्र आत हिमोग्लोबिनसाठी पुष्कळ जागा मिळते, आणि तंतुकणिका नसल्याने ती ग्लुकोजवर प्राणवायूविना गुजराण करते, म्हणजे जो माल पोचवायचा त्यातला कणही स्वतःसाठी वापरत नाही.

एका तांबड्या पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात आणि प्रत्येक रेणूत लोह धारण करणारे चार घटक असल्याने तो प्राणवायूचे चार रेणू उचलू शकतो. पहिला रेणू बसला की हिमोग्लोबिनचा आकार किंचित बदलतो व पुढचे रेणू अधिक सहजतेने बसतात. उतरतानाही हीच गोष्ट उलट्या क्रमाने घडते, त्यामुळे फुप्फुसात जवळपास पूर्ण भरणे आणि ऊतींमध्ये मोकळ्या हाताने देणे ही परस्परविरोधी कामे एकाच रेणूकडून होतात. या आकारबदलाचा उलगडा होण्यास केंब्रिज येथील मॅक्स पेरुट्झ याच्या हयातीतील कित्येक दशके लागली. श्रम करणाऱ्या स्नायूत कर्बद्विप्राणिल वायू साचून आम्लता वाढली की हिमोग्लोबिनची पकड सैल होते, म्हणजे जेथे गरज अधिक तेथे प्राणवायूही अधिक सुटतो. या व्यवस्थेचे मोल एका आकड्यावरून कळते: १०० मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिनच्या आधाराने सुमारे २० मिलिलिटर प्राणवायू मावतो, तर नुसत्या रक्तद्रवात विरघळून एक मिलिलिटरचा तिसरा भागही मावत नाही. स्त्रियांमध्ये हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली गेले की पंडुरोग मानला जातो, आणि २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ या वयोगटातील देशातील ५७ टक्के, तर महाराष्ट्रातील ५४ टक्के स्त्रिया या गटात मोडतात. प्रगत म्हणवणाऱ्या राज्याला हा आकडा शोभणारा नाही.

तांबड्या पेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते, आणि तिची परीक्षा प्लीहेत, म्हणजे पाणथरीत, वारंवार घेतली जाते. तेथे रक्ताला एकदोन मायक्रॉन रुंदीच्या फटींतून वाट काढावी लागते. तरुण पेशी सहज निघून जाते, ताठर झालेली म्हातारी पेशी अडकते आणि भक्षकपेशी तिला गिळून तिच्यातील लोह परत अस्थिमज्जेकडे पाठवतात. रोज लागणाऱ्या वीसएक मिलिग्रॅम लोहापैकी बहुतेक असे जुन्या पेशींतूनच मिळते, अन्नातून एकदोन मिलिग्रॅमच शोषले जाते. म्हणूनच मासिक पाळीतील अतिरिक्त रक्तस्रावाने किंवा आतड्यातील कृमींमुळे रोज थोडे थोडे रक्त गेले तरी काही महिन्यांत साठा रिता होतो आणि नुसत्या चौरस आहाराने तो लवकर भरून येत नाही. नव्या पेशींच्या उत्पादनाची सूत्रे मूत्रपिंडाकडे आहेत. रक्तातील प्राणवायू कमी झाला की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक सोडते आणि मज्जेतील काम वाढते. डायलिसिसवरील रुग्णांना पंडुरोग जडतो, तो हे संप्रेरक पुरेसे बनत नाही म्हणून.

आता भिंतीकडे वळले पाहिजे. वाहिन्यांच्या आतल्या बाजूस असलेला एकपेशीय थर, ज्याला अंतःस्तर म्हणतात, तो केवळ गुळगुळीत अस्तर आहे असे १९८० पर्यंत मानले जाई. त्या वर्षी न्यूयॉर्क येथील रॉबर्ट फर्चगॉट याने प्रसिद्ध केलेला प्रयोग प्रयोगशाळेतील एका विसंगतीतून सुचला होता. ॲसिटिलकोलिन हे द्रव्य जिवंत प्राण्याला दिले की वाहिन्या रुंदावतात, पण सशाच्या महाधमनीच्या कापलेल्या पट्ट्या त्याच द्रव्याने सैलावण्याऐवजी आकसत. पट्टी तयार करताना तिची आतली बाजू कशाला तरी घासली जात होती आणि त्यात अंतःस्तर खरवडून निघत होता, हे लक्षात आल्यावर फर्चगॉटने तो थर शाबूत ठेवून प्रयोग केला, आणि पट्टी सैलावली. त्याने आणखी एक नामी युक्ती केली. अंतःस्तर काढलेली पट्टी आणि अंतःस्तर असलेली पट्टी त्याने एकमेकींना चिकटवून ठेवल्या. तेव्हा पहिलीही सैलावू लागली. याचा अर्थ अंतःस्तरातून स्नायूकडे कोणता तरी निरोप जात होता. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू असल्याचे पुढे सिद्ध झाले, आणि फर्चगॉट, लुई इग्नारो व फेरिद मुराद यांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. छातीत कळ आल्यावर जिभेखाली ठेवायच्या नायट्रेटच्या गोळ्या शतकाहून अधिक काळ वापरात असलेल्या औषधकुळातल्या; त्या शरीरात हाच वायू निर्माण करतात, हे मात्र असे उशिरा कळले.

निरोगी अंतःस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडून वाहिनी रुंद ठेवतो, प्लेटलेट चिकटू देत नाही आणि रक्ताची गुठळी होऊ देत नाही. तंबाखूचा धूर, वाढलेली साखर, चढलेला रक्तदाब आणि रक्तातील जादा कोलेस्टेरॉल यांनी हा थर आजारी पडतो, त्याखाली मेद साचू लागतो, आणि हृदयविकाराची सुरुवात छातीत दुखण्याच्या कैक वर्षे आधी येथे झालेली असते.

पांढऱ्या पेशींचे कामही भिंतीच्या मदतीविना होत नाही. पायात काटा मोडून जंतू शिरले की आसपासच्या ऊतींतून रासायनिक संकेत सुटतात आणि त्या जागेच्या शिरिकांचा अंतःस्तर आपल्या पृष्ठभागावर काही चिकट प्रथिने उभी करतो. वेगाने वाहत जाणारी पांढरी पेशी त्यांना किंचित चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते, आणि अशा रीतीने भिंतीवरून घरंगळत तिचा वेग मंदावतो. मग दुसऱ्या प्रकारची प्रथिने तिला पक्की जखडतात, ती चपटी होते आणि अंतःस्तराच्या दोन पेशींमधील सांध्यातून अंग चोरून बाहेर पडते. सूक्ष्मदर्शकाखाली हा सारा प्रकार काही मिनिटांत पाहता येतो. बाहेर गेलेली ही पेशी जंतू गिळते आणि बहुधा तेथेच मरते. पू म्हणजे मुख्यत्वे अशा मेलेल्या पेशीच असतात. अहवालात पांढऱ्या पेशींचा आकडा वाढलेला दिसतो तो मज्जेने पाठवलेल्या कुमकेचा असतो, आणि लढाई मात्र वाहिनीच्या बाहेर, त्या आकड्यांत न येणाऱ्या जागी चाललेली असते.

प्लेटलेटबाबत तर आकडा आणि वस्तुस्थिती यांतील अंतर महाराष्ट्रात दर पावसाळ्यानंतर अनुभवास येते. प्लेटलेट म्हणजे मज्जेतील एका महाकाय पेशीचे केंद्रकहीन तुकडे. वाहिनीला चीर पडून अंतःस्तराखालचे कोलॅजन उघडे पडले की ते तेथे चिकटतात, एकमेकांना बोलावतात आणि फायब्रिनच्या धाग्यांनी बांधला जाणारा बूच तयार होतो. डेंग्यूत त्यांची संख्या घटते हे खरे, परंतु त्या आजारातील मुख्य धोका वेगळा आहे. विषाणूच्या प्रभावाने केशवाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात, रक्तद्रव पोटाच्या व छातीच्या पोकळीत जातो, वाहिन्यांतील रक्त दाट होते आणि रक्तदाब कोसळतो. आणि हे बहुधा ताप उतरत असताना, म्हणजे घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकलेला असताना घडते. अहवालातील ज्या ओळीकडे डॉक्टर या दिवसांत विशेष लक्ष देतात ती हिमॅटोक्रिटची, म्हणजे रक्तात पेशींचे शेकडा प्रमाण किती याची असते; ते चढू लागले तर द्रव बाहेर झिरपत आहे असा अर्थ होतो. घरचे मात्र प्लेटलेटचा आकडा रोज विचारतात, पपईच्या पानांचा रस शोधतात आणि रक्तपेढ्यांचे दार ठोठावतात. रक्तस्राव होत नसताना केवळ आकडा घसरला म्हणून प्लेटलेट चढवल्याने बहुधा लाभ होत नाही, उलट पोटात तीव्र दुखणे, थांबत नसलेल्या उलट्या, हातपाय गार पडणे, लघवी कमी होणे किंवा अस्वस्थता यांपैकी काही दिसल्यास ताबडतोब रुग्णालय गाठणे अधिक महत्त्वाचे असते.

मधुमेहात पेशी आणि भिंत या दोहोंचा आणखी एक संबंध दिसतो. रक्तात साखर वाढली की ती हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत जाते, आणि तांबडी पेशी जवळपास चार महिने जगत असल्याने मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर तिच्यात नोंदलेली राहते. एचबीए१सी ही तपासणी ही नोंद वाचते. तपासणीच्या आदल्या दिवशी पथ्य पाळून तिला चकवता येत नाही ते यामुळेच, परंतु ज्यांच्या तांबड्या पेशी अल्पायुषी असतात त्यांच्यात ही नोंद पुरी होण्याआधीच पेशी नष्ट झाल्याने आकडा फसवा येऊ शकतो. हीच साखर दुसरीकडे केशवाहिन्यांच्या भिंतीही जीर्ण करते, आणि त्याचा प्रत्यक्ष पुरावा डोळ्याच्या पडद्यावर मिळतो, कारण शरीरातील सूक्ष्म वाहिन्या थेट पाहता येतील अशी ती जवळजवळ एकमेव जागा आहे. दृष्टी ठीक असताना मधुमेहींना दरवर्षी डोळ्यांत थेंब घालून पडदा तपासून घेण्यास सांगितले जाते, ते या भिंतींची अवस्था पाहण्यासाठी.

परंतु पेशी आणि भिंत यांचा मेळ बिघडणे म्हणजे काय, हे सर्वांत स्पष्टपणे दाखवणारा आजार सिकल सेल हा होय, आणि तो महाराष्ट्राच्या जवळचा आहे. शिकागो येथील जेम्स हेरिक याने १९१० मध्ये विळ्यासारख्या वाकड्या तांबड्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच असल्याचे दाखवले, आणि पुढे व्हर्नन इंग्रॅम याने तो दोष नेमका शोधून काढला: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतील १४६ घटकांपैकी सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसलेले असते. भारतात या आजाराची नोंद १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींमध्ये झाली. महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर, मेळघाट आणि नागपूरसह विदर्भाच्या बऱ्याच भागांत तो आढळतो, आणि तो आदिवासींपुरताच मर्यादित आहे ही समजूत खरी नाही.

एका घटकाच्या या बदलामुळे प्राणवायू सोडलेले हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या बनवते आणि पेशी ताठर होते. मात्र या दोऱ्या बनण्यास थोडा अवधी लागतो, आणि बहुतेक पेशी तो अवधी संपण्याआधीच केशवाहिनी ओलांडून फुप्फुसाकडे निघालेल्या असतात. पेशीला वाटेत उशीर झाला तरच घात होतो, आणि उशीर होतो तो भिंतीमुळे: या आजारात पेशींचे आवरण चिकट झालेले असते, अंतःस्तर सुजलेला असतो, पेशी त्याला धरून रेंगाळतात, ताठर होतात आणि मागून येणाऱ्यांची वाट अडवतात. त्यातच फुटलेल्या पेशींतून रक्तद्रवात सांडलेले हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते, त्यामुळे वाहिनी रुंदावायच्या ऐवजी आवळते. हाडांत, पाठीत, छातीत उठणाऱ्या असह्य कळा हे या अडथळ्याचेच दृश्य रूप असते. या पेशी १२० ऐवजी दहा-वीस दिवसच जगतात, आणि प्लीहेचा तर वाहिन्या बुजून बालपणीच नाश होऊ शकतो. थंडी, ताप, अतिश्रम किंवा शरीरातील पाणी कमी होणे यांनी त्रास बळावतो, कारण पेशीतील पाणी घटले की हिमोग्लोबिन दाट होते आणि दोऱ्या अधिक वेगाने बनतात. भरपूर पाणी पिण्याचा सल्ला येथे औषधाइतकाच महत्त्वाचा असतो.

हायड्रॉक्सियुरिया ही गोळी गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण पुन्हा वाढवते, त्यामुळे दोऱ्या बनण्यास अडथळा येतो आणि कळांची वारंवारता कमी होते; जनुकात फेरबदल करणारा उपचार २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्य झाला असला तरी त्याचा खर्च सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात नाही. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू केलेल्या निर्मूलन मोहिमेचा भर म्हणूनच तपासणीवर आहे. एका पालकाकडून हा दोष मिळालेली व्यक्ती वाहक असते आणि तिला सहसा काहीच त्रास होत नाही, म्हणून ती तपासणीविना ओळखूही येत नाही. पण दोघे वाहक असलेल्या दांपत्याच्या प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. नेहमीच्या सीबीसीत वाहकत्व कळत नाही, त्यासाठी विद्राव्यता चाचणी आणि तिच्या खात्रीसाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही वेगळी तपासणी करावी लागते. ज्या जिल्ह्यांत हा आजार आढळतो तेथील तरुण-तरुणींनी ती सरकारी आरोग्य केंद्रात लग्न ठरण्यापूर्वीच करून घ्यावी आणि तिचा निकाल दर्शवणारे कार्ड जपून ठेवावे.